ग्रो बॅगा आणि कोकोपीटच्या विटा : चार घरांत वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगते, एचडीपीई म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या 260 जीएसएमवाल्या (चौरस मीटरला 260 ग्रॅम वजनाचं कापड) हिरव्या ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, डोळे झाकून घ्या आणि कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्याची, 5 किलोची वीट मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. खाली जे लिहितेय ते एका घरावरून नाही तर चार घरांवरून लिहितेय, म्हणजे माझी कोथरूडची गच्ची, सिंहगड रोडच्या मैत्रिणीची पूर्वेकडची बाल्कनी, धायरीच्या काकूंचं तळमजल्याचं अंगण आणि पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राची वाऱ्याने झोडपून निघणारी बाल्कनी. आम्ही बागेचं काम सावडीने करतो, कोकणात मावळात भात लावणीला जसे एकमेकांच्या खाचरात जातात ना तसंच, आज सगळे माझ्याकडे, पुढच्या वेळी सगळे तुझ्याकडे, ज्याच्या घरी काम त्याच्याकडे जेवण, आणि कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. सामान एकदमच होलसेलमधे मागवतो आणि वाटून घेतो, त्यामुळे एकच बॅग आणि एकच कोकोपीट चार वेगवेगळ्या उन्हात कसं वागतं ते समोरासमोर कळलं आणि म्हणून हा रिव्ह्यू लिहावासा वाटला.

आधी बॅगा. साइज इंचात असते, आधी व्यास मग उंची. 12 बाय 12 मधे साधारण 22 लिटर मिश्रण बसतं, 15 बाय 15 मधे 40 च्या पुढे जातं. मिरची, वांगी, तुळस, झेंडू यांना 12 बाय 12 पुरते, टोमॅटो आणि दुधीला 15 बाय 15 द्याच, आणि कलमी लिंबू लावायचं असेल तर 18 बाय 18 च्या खाली जाऊ नका, नाहीतर दोन वर्षांत परत उपसायचं काम. मेथी कोथिंबीर पालकाला उंची नकोच आहे, त्यांना 24 बाय 9 च्या पसरट बॅगा मिळतात त्या घ्या, मातीही कमी लागते आणि दरवेळी मूठभर का होईना भाजी निघते. नर्सरीत मिळतात त्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या रोपांसाठी ठीक आहेत पण कायमच्या लागवडीला नाहीत, आमच्याकडे एका उन्हाळ्यातच त्यांच्या कडा पापडासारख्या तुटायला लागल्या, आणि ते तुकडे मग मातीत मिसळतात ते वेगळंच. 260 जीएसएमच्या विणलेल्या बॅगेला माझ्या गच्चीवर पूर्ण ऊन खाऊनही अजून काही झालेलं नाही, फक्त रंग थोडा उतरलाय. घेताना दोन गोष्टी हाताने तपासा, तळाची शिलाई दुहेरी आहे का आणि कान म्हणजे हँडल नुसतं वरच्या काठाला शिवलंय का खालपर्यंत पट्टी आलीय. एकदा एका दुकानातून आणलेल्या लॉटमधे कान नुसते वर टाचलेले होते, भरलेली बॅग दोघांनी उचलली आणि कान हातात, बॅग जिन्यात. दुकानदाराने बदलून दिल्या नाहीत. तेव्हापासून दुकानातच रिकाम्या बॅगेला दोघं दोन्ही बाजूंनी ओढून बघतो, लोक बघत असले तरी.

आता कोकोपीट. दाबलेली 5 किलोची वीट 20 ते 25 लिटर पाणी पिते आणि फुगून साठ-सत्तर लिटर होते, लहान मुलांना हे काम द्या, आमच्याकडची पोरं त्या टबाभोवतीच बसून असतात. वजनाला हलकं, पाणी धरून ठेवतं, मुळांना हवा मिळते, हे सगळं खरं आहे. पण नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवतात आणि नारळही समुद्राकाठचा, त्यामुळे न धुतलेल्या पीटमधे क्षार असतात. पाकिटावर लो ईसी (म्हणजे क्षार कमी) किंवा वॉश्ड असं लिहिलेलं असतं, पण लिहिलेलं असणं आणि धुतलेलं असणं वेगळं. आमच्या एका ऑर्डरमधे आलेल्या विटा अशाच निघाल्या. आम्ही पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं पेन ठेवलंय, वीट भिजवून पिळलेलं पाणी मोजलं तर आकडा हजाराच्या वर आणि पाणी काळ्या चहासारखं. आता पद्धतच ठरवलीय की वीट रात्री भिजवायची, सकाळी जुन्या सुती साडीत घालून दोघांनी दोन टोकांनी पिळायची, परत भिजवायची, परत पिळायची, आणि पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळपास आला की मगच वापरायची. खडकवासल्याचं पाणी मुळात गोड आहे त्यामुळे पुण्यात नळाच्या पाण्याने धुणं सोपं जातं, धायरीला टँकरचं बोअरचं पाणी येतं ते आधीच जड, तिथे पावसाचं साठवलेलं पाणी वापरलं. ज्या बॅगांमधे न धुतलेलं पीट गेलं होतं तिथे तुळशीच्या पानांची टोकं जळाली आणि शेजारच्या धुतलेल्या बॅगेतली तुळस हिरवीगार, एकाच दिवशी लावलेली, एकाच नर्सरीतली. ह्याहून वेगळा पुरावा मला नको.

दुसरं म्हणजे कोकोपीटमधे खायला काहीच नसतं हो. बरेच जण नुसत्या कोकोपीटमधे रोप लावतात कारण व्हिडिओत तसं दाखवतात, मग महिनाभरात पानं पिवळी. त्यात कार्बन भरपूर आणि नत्र जवळजवळ नाही, ते कुजताना उलट आहे ते नत्रच ओढून घेतं. आमचं प्रमाण साधं आहे, एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, आणि 15 बाय 15 च्या बॅगेला साधारण 100 ग्रॅम निंबोळी पेंड. तळाला विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. कंपोस्ट घरचं असेल तर उत्तमच, काकूंकडे अंगणात पालापाचोळ्याचा ढीग वर्षभर चालू असतो आणि चौघांच्या घरचं ओलं त्यात जातं.

वजनाबद्दल मात्र थोडं नीट वाचा, विशेषतः जुन्या बिल्डिंगमधे राहणाऱ्यांनी. आयएस 875 हे आपल्याकडचं इमारतींवरच्या भाराचं मानक आहे, त्यात ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन म्हणजे साधारण 150 किलो भार धरलेला असतो. आता 15 बाय 15 ची बॅग नुसत्या मातीने भरून पाणी घातलं तर 60 किलोच्या वर जाते आणि एका चौरस मीटरात अशा सहा बॅगा सहज मावतात, करा हिशोब. आमच्या मिश्रणाने तीच बॅग बरीच हलकी होते, तरीसुद्धा सहा एकत्र ठेवल्या तर 150 च्या वर जातंच. म्हणून बॅगा मधोमध गोळा करू नका, खाली बीम आहे तिथे भिंतीच्या कडेने एका ओळीत ठेवा, मधे चालायला मोकळी जागा सोडा, आणि गच्ची आधीच गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग मग बाग. माझ्याकडे सोसायटीची परवानगी घेताना हाच हिशोब कागदावर लिहून दिला आणि चेअरमन काकांनी एका बैठकीत हो म्हटलं.

कोकोपीटचा अजून एक त्रास कोणी सांगत नाही, डाग. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बॅगेतून तांबूस पाणी निघतं, फरशीवर डाग पडतात आणि बाल्कनी असेल तर ते पाणी खालच्यांच्या धुतलेल्या चादरीवर. सिंहगड रोडच्या मैत्रिणीकडे म्हणून प्रत्येक बॅगेखाली ट्रे ठेवले, पण ट्रेमधलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाकायचंच, डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडाभरात नवे डास तयार. गच्चीवर ट्रे नको, दोन विटांवर बॅग ठेवा म्हणजे तळाला हवा लागते आणि एप्रिल-मेमधे तापलेल्या फरशीवर मुळं शिजत नाहीत. त्या दोन महिन्यांत वर 50 टक्क्यांची (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी) हिरवी जाळी बांधाच, जाळी बांधायला मात्र किमान तिघं हवेत, एकट्याने शिडीवर चढून करू नका.

घराप्रमाणे बघायचं तर माझ्या गच्चीवर ह्या दोन्ही गोष्टींना पैकीच्या पैकी मार्क, टोमॅटो वांगी मिरची मनापासून आली. पूर्वेच्या बाल्कनीत तीन-चार तासच ऊन, तिथे टोमॅटोचा हट्ट सोडला आणि पुदिना, गवती चहा, अळू लावलं, अळू तर असं माजलं की आमच्या एका सावडीचं जेवण म्हणजे अळूचं फदफदं, आमटी सोडून सगळ्यांनी तेच वाढून घेतलं. तिथे कोकोपीट थोडं कमी घाला कारण ऊन कमी, पाणी धरून राहतं आणि बुरशी येते. अकराव्या मजल्यावर उलटा प्रश्न, वाऱ्याने वरचा थर तासाभरात कोरडा, आणि हलक्या मिश्रणामुळे उंच झाड असलेली बॅग कलंडते. तिथे उंच काही नकोच, पसरट बॅगा आणि वर पाल्याचं आच्छादन, हे केल्यापासून तो दिवसातून एकदाच पाणी घालतो. आणि धायरीच्या काकूंच्या अंगणासाठी माझं स्पष्ट मत, ह्यातलं काहीही विकत घेऊ नका. जमीन आहे ना, मग जमीनच सुधारा. तिथे बिल्डरने टाकलेला राडारोडा होता, आम्ही आठ जणांनी सकाळी सातला कुदळी घेऊन सुरुवात केली, जेवायच्या आधी विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटच्या गोण्यांचे चिंधडे सगळं वेगळं काढलं, त्याच विटा लावून वाफे केले आणि त्यात पाला, शेण, माती असे थर घातले. काका सत्तरीचे आहेत, ते सावलीत खुर्ची टाकून बसले आणि कुठे काय लावायचं ते त्यांनीच ठरवलं, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं ते त्यांनाच माहीत. नंतर त्याच वाफ्यातली रताळी सगळ्यांच्या घरी पोचली.

खतासाठी आम्ही अमृतजल वापरतो, ते विकत घ्यायची गरज नाही. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ठेवायचं आणि रोज ढवळायचं, मग एकास दहा पाणी घालून द्यायचं. कोल्हापूरचे शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवारातून हे आलेलं आहे, लोकांनी आपापल्या जागेत प्रयोग करायचे आणि एकमेकांना सांगायचे हीच त्यांची रीत. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ह्याच वाटेने स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यातून भाजी-फळांची बाग उभी केली. शहरात शेण कुठून आणायचं असं विचाराल तर आजूबाजूचा गोठा शोधा, पुण्यात अजून आहेत, आणि एकाने बादली आणली की चौघांना पुरते.

जास्वंदीवरच्या मिलीबगचं, म्हणजे पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या किडीचं, पण लिहून टाकते कारण चारही घरांत आला. बाहेरून आणलेलं रोप दोन आठवडे वेगळं ठेवा. आला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, भर उन्हात नको, पानं करपतात. मुंग्या दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच त्याला पोसतात.

रोपांसाठी सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला जा, ओळीने नर्सऱ्या आहेत, शहरातल्या दुकानापेक्षा भाव कमी आणि निवड भरपूर, पण एकट्यासाठी पेट्रोल परवडत नाही, गाडी भरून चौघांची रोपं आणली तरच. मी तिथे गेले की पानं उलटून बघते आणि कुंडीच्या भोकातून बाहेर आलेली मुळं बघते, फुलांनी लगडलेलं रोप घेत नाही, कळ्या असलेलं घेते.

रेडीमेड पॉटिंग मिक्स घ्यावं का असं बऱ्याच जणांनी विचारलं. एक-दोन कुंड्या असतील तर घ्या, दहा बॅगांच्या वर असेल तर अजिबात नको, पैसे तिप्पट जातात आणि आत बरंचसं कोकोपीटच असतं. सगळ्यांनी मिळून ताडपत्रीवर मिसळायला घेतलं तर एका सकाळी वीस-पंचवीस बॅगा भरून होतात, एकट्याने त्याच कामाला कंबर मोडते आणि कोकोपीटच्या विटा कोपऱ्यात तशाच पडून राहतात, हे मी ओळखीच्या कितीतरी घरांत बघितलंय.

मार्क द्यायचे तर बॅगांना पाचपैकी साडेचार, अर्धा कानांसाठी कापला. कोकोपीटला धुऊन वापरलं तर चार, तसंच वापरलं तर दीड. पुढची पाळी पिंपळे सौदागरची आहे, ऑक्टोबर संपता संपता मेथी पालक टाकायचाय, त्यासाठी 24 बाय 9 च्या बॅगा मागवतोय, पुण्यात कोणाला ऑर्डरमधे सामील व्हायचं असेल तर कळवा, फक्त त्या रविवारी फावडं घेऊन यावं लागेल.