केराटोकोनससाठी सेमीसॉफ्ट लेन्स : आठ महिन्यांनंतर

मला केराटोकोनस आहे, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलाय. त्यासाठी सेमीसॉफ्ट लेन्स वापरते; नाव सॉफ्ट, पण असतात कडकच. सकाळी तोंड धुवायला वाकले आणि डावी लेन्स डोळ्यातून निसटून बेसिनमध्ये पडली. तिसऱ्यांदा. पांढरं बेसिन, बिनरंगाची लेन्स आणि शोधणारे डोळे हे असे. आधी जाळीवर रुमाल टाकला, मग बोटाने चाचपत बसले. सापडली, पण कडेचा टवका उडालेला. म्हणजे बाद. सात हजार गेले.

दुकानदार म्हणाला, "तुटफूट गॅरंटीत नाही." मान्य. पण या लेन्स फिक्या निळ्या-हिरव्या रंगात मिळतात, डाव्या-उजव्या डोळ्याला वेगवेगळ्या मागवता येतात, हे ऑर्डर घेताना त्याने एका शब्दाने सांगायला नको होतं? त्या रंगाने नजरेत फरक पडत नाही. लेन्स पटकन दिसावी आणि अदलाबदल होऊ नये, एवढ्याचसाठी तो असतो. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

नजरेबद्दल मात्र तक्रार नाही. सी३आर (कॉर्निया घट्ट करणारा उपचार) केल्याने आजार पुढे सरकायचा थांबला, पण दिसायला लागलं ते लेन्समुळेच. कॉर्नियाच वेडावाकडा, त्यामुळे चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी एका दिव्याचे चार दिवे दिसायचे. कडक लेन्सच्या खाली अश्रूंचा थर भरतो आणि तो उंचसखलपणा झाकला जातो. चष्म्याने नजर ६/३६, लेन्सने ६/९ (खालचा आकडा जितका लहान तितकं चांगलं दिसतं). पहिल्या दिवशी स्टॉपवर लांबूनच पीएमपीचा नंबर वाचला. बस माझीच होती, तरी सोडली. पुढच्या बसचा नंबरही वाचायचा होता.

इतकं लिहून झालं होतं. मग नवी लेन्स करायला दुसरीकडे गेले आणि माझं मत बदललं. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी जुन्याच मापाची ट्रायल लेन्स डाव्या डोळ्यात घातली, अर्धा तास बसवून ठेवलं, मग डाय (निळ्या उजेडात हिरवा चमकणारा रंग) लावून निळ्या उजेडात फोटो काढून दाखवला. हिरव्याच्या मधोमध काळा डाग, म्हणजे तिथे डाय शिरायला जागाच नव्हती. लेन्स शंकूच्या टोकावरच टेकत होती आणि कडा उचललेल्या. म्हणूनच ती पापणीसरशी हलायची, पडायची. असं टेकत राहिलं तर कॉर्नियावर व्रण पडू शकतो, असंही त्या म्हणाल्या. बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई; आकडा लहान तितकी ती खोल) ६.८ चा ६.५ केला. आधीच्या दुकानात दोनदा सांगितलं होतं की पडते. दोन्ही वेळा "सवय होईल" म्हणाले, डाय लावून बघितलंच नाही. रंगापेक्षा हे कितीतरी गंभीर.

नवी डावी लेन्स येऊन अकरा दिवस झाले. एकदाही पडली नाही. निळी मागवली आहे, डबीत लगेच दिसते.