डीस्ट्रेच: पुसट शैलचित्रे शोधण्यासाठी उत्तम, सिद्ध करण्यासाठी अपुरे

शैलचित्रांवर काम करणाऱ्या कोणीही डीस्ट्रेच, म्हणजे छायाचित्रातले रंग ताणून पुसट चित्रे दाखवणारे सॉफ्टवेअर, जवळ ठेवावे. उघड्या डोळ्यांना जिथे नुसता लालसर डाग दिसतो, तिथे ते काही सेकंदांत हाताचा ठसा किंवा हरिणाची शिंगे दाखवते. पण त्याने दाखवलेले सगळेच माणसाने रंगवलेले असते असे नाही, आणि वाद नेमका तिथेच सुरू होतो.

जॉन हरमन यांनी २००५ मध्ये तयार केलेले हे प्लगइन (जोड-प्रोग्राम) इमेजजे या छायाचित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये चालते. मूळ गणित उपग्रह छायाचित्रांसाठीचे आहे. खडक आणि त्यावरचा गेरू यांचे रंग इतके जवळचे असतात की छायाचित्रातले लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल (रंगघटक) जवळजवळ एकत्रच बदलतात. प्रोग्राम हा परस्परसंबंध तोडतो, प्रत्येक स्वतंत्र अक्षावर फरक ताणतो आणि मग चित्र पुन्हा रंगांत आणतो. त्यामुळे अगदी बारीक फरकही ठळक होतो. दुर्दैवाने छायाचित्रातला दोषही तितकाच ठळक होतो.

म्हणून निम्मे काम कॅमेऱ्यापाशीच होते. रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), कमीत कमी आयएसओवर (प्रकाशसंवेदनशीलता), तिपाईवरून फोटो घ्या आणि तो टिफ या माहिती न कापणाऱ्या स्वरूपात बदलून उघडा. जेपेगमध्ये रंगाची माहिती कापलेली असते. ताणल्यावर ८ × ८ पिक्सेलचे चौकोन उमटतात आणि बारीक रेषा त्यांत हरवतात. प्रकाश सारखा पसरलेला हवा. ढगाळ दिवस किंवा पूर्ण सावली सर्वांत चांगली. ऊन-सावलीचे ठिपके पडले असतील तर प्रोग्राम त्यांच्या कडांनाच चित्र समजून उजळवेल. आणि रंग उठून दिसावा म्हणून भिंतीवर पाणी शिंपडणे किंवा खडूने रेषा गिरवणे आता पूर्ण थांबले पाहिजे. या साधनानंतर त्याला कसलीही सबब उरलेली नाही.

प्रोग्राममध्ये वेगवेगळ्या रंगांसाठी तयार रंगावकाशांची (रंग मांडण्याच्या पद्धतींची) बटणे आहेत. लाल रंगासाठी आधी सीआरजीबी आणि वायआरई, काळ्यासाठी वायबीके, पिवळ्यासाठी वायवायई वापरून पाहा. बटण दाबण्यापूर्वी फक्त खडकाचा भाग आयताने निवडा. चौकटीत आकाश, गवत किंवा भडक रंगांची मोजपट्टी आली तर गणित त्या रंगांवर खर्च होते आणि गेरूचा फरक दबलेलाच राहतो. नवशिक्यांना ‘काहीच दिसत नाही’ असे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच. स्केल, म्हणजे ताणण्याचे प्रमाण, हळूहळू वाढवा. दाणे दिसू लागले की मागे या.

योग्य हातांत हे साधन काय करते ते कंबोडियातील अंगकोर वाट मंदिरात दिसले. तिथल्या भिंतींवरची सुमारे २०० पुसट चित्रे, त्यांत हत्ती, नौका आणि वाद्यवृंदही, २०१४ मध्ये नोएल हिडाल्गो टान यांनी याच पद्धतीने प्रकाशात आणली. अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्लॅक ड्रॅगन कॅन्यनचे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. तिथल्या एका चित्राला लोक पंखांचा टेरोसॉर (डायनासोरच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी) म्हणत होते. हा समज पक्का व्हायला एक मोठे कारण होते: कोणीतरी वेगवेगळ्या आकृत्यांभोवती खडूने एकच बाह्यरेषा ओढली होती. २०१५ मध्ये डीस्ट्रेच आणि हातात धरायचे एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र (पदार्थातली मूलद्रव्ये ओळखणारे) यांच्या साहाय्याने तिथे माणसे आणि प्राणी अशा सुट्या आकृत्या असल्याचे दाखवले गेले. दुसरी, रासायनिक तपासणी सोबत होती म्हणूनच तो निष्कर्ष भक्कम ठरला.

ती तपासणी का लागते? खडकातून झिरपलेले लोहऑक्साइड आणि माणसाने लावलेला गेरू रासायनिकदृष्ट्या सख्खे भाऊ आहेत. प्रोग्रामला दोन्ही लालच. शेवाळ, दगडफूल, काजळी यांतूनही हवा तो प्राणी ‘दिसू’ शकतो. दुसरा सापळा थरांचा. ताणलेल्या चित्रात दोन आकृत्या एकाच छटेत आल्या म्हणून त्या एकाच काळातल्या ठरत नाहीत, कारण ती छटा निवडलेल्या भागानुसार बदलते. कोणती रेषा वर आणि कोणती खाली, हे भिंतीपाशी भिंगातूनच ठरवावे.

वयाबद्दल तर हे साधन काहीच सांगत नाही. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरील लेआंग काराम्पुआंग या गुहेतल्या चित्राचे किमान ५१,२०० वर्षे हे वय २०२४ मध्ये जाहीर झाले, ते चित्रावर साचलेल्या कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाच्या युरेनियम-श्रेणी मापनातून (युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयावरून वय काढण्याची पद्धत). स्पेनमधील गुहांतल्या चित्रांना २०१८ मध्ये ६४,००० वर्षांहून जुने ठरवून ती निअँडरथल या नामशेष मानवजातीची म्हटली गेली, तेव्हा मोजलेला थर खरोखर त्याच रंगावर बसला आहे का, यावर मोठा आक्षेप होता. असा प्रश्न रंग ताणून सुटत नाही. कातळात कोरलेल्या, रंग नसलेल्या चित्रांनाही याचा फारसा उपयोग नाही. तिथे तिरपा प्रकाश किंवा फोटोग्रामेट्री (अनेक छायाचित्रांतून पृष्ठभागाचे त्रिमितीय प्रारूप बनवणे) वापरा.

इंटरफेस जुनाट आहे आणि बटणांची नावे पाहून काहीच उमगत नाही. मोबाइल आवृत्ती जागेवर झटपट चाचपणीसाठी चांगली, अंतिम नोंदीसाठी नाही. नोंद करताना प्रत्येक फाइलच्या नावात रंगावकाश आणि स्केल लिहा, निवडलेला भाग टिपून ठेवा आणि मूळ छायाचित्र शेजारी छापा. मूळ फोटो न देता फक्त ताणलेले चित्र देणारा ‘शोध’ मान्य करू नये.