दोन जेवणं, ५५ मिनिटं : दीक्षित जीवनशैलीचा रिव्ह्यू

दिवसातून दोनदाच खायचं, कडकडून भूक लागते त्याच वेळी, आणि एकेक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. फी शून्य. सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) तपासायला सांगतात, हे उत्तम.

जेवण ५५ मिनिटांत संपवलं तर इन्सुलिन एकदाच स्रवतं, असं या पद्धतीत मानतात. हा हिशेब मात्र फार ताणू नये. भरपेट जेवणानंतर इन्सुलिन दोन-तीन तास चढंच असतं. फरक पडतो तो येताजाता तोंडात टाकणं थांबल्यामुळे. दोन चमचे साखर आणि अर्धा कप दूध घातलेल्या चहात शंभराच्या आसपास कॅलरी असतात. असे चार कप म्हणजे जवळपास चार पोळ्या, बिस्किटं आणि फरसाण वेगळंच.

नाश्ता सोडला तर वजन वाढतं, ही भीती बिनबुडाची. २०१९ मध्ये तेरा चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा नाश्ता करणारेच रोज सरासरी २६० कॅलरी जास्त खात होते. पण वजनातला फरक अर्ध्या किलोहूनही कमी. म्हणजे जादूही नाही.

खरी मेख वेळेची. अमेरिकेत २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे सगळं खाणं सकाळच्या सहा तासांत, दुपारी तीनच्या आत संपवलं. वजन मुद्दाम तेवढंच ठेवूनही इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद आणि रक्तदाब सुधारले. प्रयोग लहान, पण दिशा दाखवणारा. २०२० च्या मोठ्या चाचणीत दुपारी बारा ते रात्री आठ खाणाऱ्यांना तीन वेळा जेवणाऱ्यांपेक्षा वजनात विशेष फायदा झाला नाही. आपल्याकडे नोकरदार नेमके इथेच चुकतात : सकाळ सोडतात आणि रात्री साडेनऊचं ताट ठेवतात. जमत असेल तर सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा धरा.

दुसरी चूक प्रथिनांची. ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम लागतात, म्हणजे ताटागणिक २५. वरण-भात-भाजीत ते भरत नाहीत. दोन अंडी (१२ ग्रॅम) किंवा घट्ट उसळीची मोठी वाटी, वर दही आणि दोन पोळ्या, एवढं हवंच. नाहीतर काट्यावर घटलेल्या वजनात स्नायूही जातात.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो ऐकीव माहितीवर उडी घेणाऱ्यांमुळे. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन नेहमीइतकंच घेतलं आणि नाश्ता गाळला, तर अकरापर्यंत घाम फुटतो, हात थरथरतात, साखर धोकादायक खाली जाते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, मगच जेवणं कमी करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी यात पडूच नये.