भरती अकॅडमीत स्वखर्चाने सात महिने: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

पोलीस शिपाई म्हणून निवड झाली की पुढचं प्रशिक्षण सरकारी खर्चानं होतं. खंडाळा, जालना, अकोला, तुरची अशा एखाद्या केंद्रात हजर झालं की पगार चालू होतो. खिशातून जातो तो त्याआधीचा पैसा, म्हणजे भरतीची वाट बघत निवासी अकॅडमीत काढलेल्या महिन्यांचा. सात महिन्यांच्या अनुभवावरचं मत आधीच सांगतो. अकॅडमीकडून घ्यायच्या गोष्टी दोनच, अचूक मोजमाप आणि रोजची शिस्त. या दोन्ही मिळत नसतील तर गावच्या हायस्कूलचं मैदान आणि तालुक्याची अभ्यासिका बरी.

राहणं, जेवण, ग्राउंड (म्हणजे मैदानी चाचणीची तयारी) आणि लेखी परीक्षेचे तास धरून महिना 6 ते 8 हजार पडतात. सात महिन्यांचे साधारण 50 हजार होतात. बूट, गोळाफेकीचा गोळा, पुस्तकं, टेस्ट सिरीज आणि गावाकडच्या फेऱ्या यांचा खर्च वेगळा. ‘भरती होईपर्यंत एकच फी’ असं पॅकेज दिसलं की मोह होतो, पण त्यात बऱ्याचदा शिकवणी तेवढी धरलेली असते आणि मेस महिन्याच्या महिन्याला भरावी लागते. शिवाय भरतीची तारीख कुणाच्याच हातात नसते. 2021 सालच्या रिक्त जागांची जाहिरात नोव्हेंबर 2022 मध्ये आली आणि ग्राउंड जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. पुढच्या 17,471 जागांचे फॉर्म मार्च 2024 मध्ये निघाले, मध्ये लोकसभा निवडणूक गेली आणि मैदानी चाचणीला 19 जून उजाडला, तोही पावसात. म्हणून पैसे महिन्याच्या हिशेबानेच भरावेत, दर वेळी पावती घ्यावी आणि मध्येच सोडलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल हे लिहून घ्यावं.

आता ग्राउंड. मुलांना 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळ्याला 15 असे 50 गुण असतात. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी गुण तेच. सोळाशे आउट ऑफ करायला, म्हणजे पूर्ण 20 गुण घ्यायला, 5 मिनिटं 10 सेकंद लागतात, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर एक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. मुलींचं 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, म्हणजे राउंड 85 सेकंदांचा.

फसगत इथेच होते. बऱ्याच अकॅडम्यांचा ट्रॅक भाड्याच्या शेतात नाहीतर मोकळ्या प्लॉटवर चुना टाकून आखलेला असतो. राउंड 400 ऐवजी 380 मीटरचा निघाला तर चार राउंडचे 1520 मीटरच होतात. त्यावर 5 मिनिटं 5 सेकंद लावणारा मुलगा खुश असतो, पण त्याच वेगानं खरे 1600 मीटर धरले तर त्याचं टायमिंग 5:21 येतं आणि 20 चे 18 गुण होतात. प्रवेशाआधी 50 मीटरची टेप घेऊन राउंड स्वतः मोजा. आतल्या चुन्याच्या रेघेपासून 20 सेंटिमीटर सोडून मोजायचं. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, वळणावर तो चुकतो. पळतानाही आतली कड सोडू नये. एक लेन बाहेरून पळालं तर राउंडमागे साडेसात मीटर वाढतात, चार राउंडला 30 मीटर, म्हणजे जवळपास 6 सेकंद. गर्दीत पुढच्याला ओलांडायचं असेल तर सरळ पट्ट्यात ओलांडा, वळणावर नाही.

मुलांना शंभर मीटरला 15 गुणांसाठी साडेअकरा सेकंद लागतात. अकॅडमीत टायमिंग हातातल्या स्टॉपवॉचवर घेतात आणि हाताचं टायमिंग इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंद कमी दाखवतं. हाताच्या घड्याळावर 11.4 आला तर इलेक्ट्रॉनिकवर तो साडेअकराच्या पुढे जाऊ शकतो असंच समजावं.

सगळ्यात स्वस्तात वाढणारे गुण गोळ्याचे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही गोळ्याकडेच. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. मुलांना साडेआठ मीटरला पूर्ण 15 गुण, त्याखालच्या टप्प्यात थेट 12. दहा सेंटिमीटर कमी पडले तरी तीन गुण जातात, आणि सोळाशेत तेवढे गुण गमावायला वीस सेकंदांहून जास्त उशीर व्हावा लागतो. तरीही अकॅडमीत पन्नास मुलांत तीन-चार गोळे, आणि एकेकाला आठवड्यात जेमतेम दहा-बारा फेकी. त्यातले काही गोळे स्थानिक ओतकामाचे, छापील वजनापेक्षा हलके. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा वजन करून घ्या. स्वतःचा गोळा हजाराच्या आसपास मिळतो आणि तो वसूल होतो. साडेआठ मीटरवर चुन्याची रेघ मारून एक दिवसाआड 20 ते 25 फेकी पुरतात. गोळा मानेला चिकटलेला, कोपर वर, आणि जोर पायातून कंबरेत, कंबरेतून खांद्यात. चेंडूसारखा फेकायला गेलं की कोपर खाली पडतं, गोळा सपाट जातो आणि आठवड्यात कोपर धरतं. सराव 2.135 मीटरच्या वर्तुळातच करा. मोकळ्या जागेत धावत येऊन टाकलेला नऊ मीटर तिथे फाउल ठरतो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नडगी दुखायला लागते. नवा-जुना न बघता अख्खी बॅच डांबरी रस्त्यावर रोज सारखीच पळवतात, हे त्याचं मुख्य कारण. मातीवर पळा, आठवड्यात दोनच दिवस वेगाचे ठेवा, एक दिवस पूर्ण विश्रांती. बोटानं दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरला दाखवा. ‘मोकळं होईल’ म्हणून पळत राहिलं की हाडाला तडा जाऊ शकतो. आठवड्याला 40 किलोमीटर धरले तर बूट चार-साडेचार महिन्यांत मरतो, त्यामुळे सात महिन्यांना दोन जोड धरूनच चाला. ग्राउंडच्या आधी ‘वेग वाढवणारी’ इंजेक्शनं आणि गोळ्या देणारे भेटतात. त्यांच्या जवळही जाऊ नका. शरीर जातं, आणि सापडलं तर भरतीही जाते.

मेसमध्ये भात-चपाती पोटभर मिळते, पण वरण पातळ. साठ किलोच्या मुलाला या मेहनतीत दिवसाला 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत. वरून दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे घेतले तर साधारण 35 ग्रॅमची भर पडते. पावडरच्या डब्यापेक्षा हे स्वस्त.

लेखीच्या बाबतीत मात्र बहुतेक निवासी अकॅडम्या कमी पडतात. जागेच्या दहापट उमेदवार ग्राउंडच्या गुणांवर लेखीला बोलावतात, पण अंतिम यादीत ग्राउंड 50 चं आणि लेखी 100 ची. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, आणि 100 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. सकाळी दोन तास पळून आल्यावर दुपारच्या तासाला निम्मी बॅच पेंगते. तास संध्याकाळी आहेत का, आणि आठवड्याला घड्याळ लावून, ओएमआर शीटवर (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) पूर्ण पेपर होतो का, एवढं विचारा. ओएमआरचा सराव नसेल तर गोल रंगवण्यातच दहा मिनिटं जातात.

नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, जातीचा दाखला ही कामं प्रवेशाआधीच उरका. अकॅडमी घरापासून लांब असेल तर सेतूच्या प्रत्येक फेरीला दोन दिवसांचा सराव आणि एसटीचं भाडं जातं. आणि प्रवेश ठरवण्याआधी एकदा पाऊस पडून गेल्यावर पहाटे साडेपाचला ते मैदान बघून या. काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात बॅच रस्त्यावर जाते, मुरमाचं असेल तर तासाभरात पळता येतं.