फाईल पाठ करून घेणारा क्लास की पट झाकून विचारणारा?

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो जिंकून गेला आणि आमच्या फोंड्यात ओळखीच्या चार घरांत नवे पट आले. त्यातल्या एका घरातून मला विचारणा झाली. मुलगी दहा वर्षांची आहे, दोन क्लास बघून ठेवलेत, कुठल्याला घालू?

पहिल्या क्लासात पहिल्याच दिवशी ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची जाड फाईल हातात पडते आणि दर शनिवारी तोंडी परीक्षा होते. दुसऱ्यात फाईलच नाही. सर एखाद्या खऱ्या डावातली स्थिती मांडतात, पाच-दहा सेकंद दाखवतात आणि वर टॉवेल टाकतात. मुलांनी ती दुसऱ्या पटावर जमेल तशी मांडायची. मग ‘इथं कोणाचं बरं चाललंय आणि का’ यावर अर्धा तास भांडायचं. आईला पहिला क्लास अभ्यासाचा वाटला, दुसरा टाईमपास. माझं मत नेमकं उलटं आहे.

कारण हा टॉवेलचा खेळ सरांच्या डोक्यातून निघालेला नाही. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी अलेखिन, कॅरेस, यूव्ह अशा दिग्गजांना पटासमोर बसवून मोठ्याने विचार करायला लावलं. १९४६ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. दिग्गज काही फार पुढच्या चालींपर्यंत मोजत बसत नव्हते, पण काही सेकंद पाहिलेला पट ते जवळजवळ जसाच्या तसा मांडू शकत. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हेच मोजून पाहिलं. पाच सेकंद पाहिल्यावर मास्टरला वीस-पंचवीसपैकी सोळाच्या आसपास सोंगट्या आठवल्या, बऱ्या खेळाडूला आठ, नवख्याला चार. मग त्याच सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या आणि मास्टरही नवख्याच्या रांगेत येऊन बसला. (प्रयोगात माणसं तीनच होती, हे सांगायला हवं. पण नंतरच्या मोठ्या प्रयोगांतही चित्र तसंच राहिलं. विखुरलेल्या पटावर मास्टर किंचित सरस ठरतो एवढीच भर पडली, कारण त्या गोंधळातही त्याला चुकून ओळखीचं काहीतरी दिसतं.)

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती सरसकट दांडगी नसते. किल्लेकोट केलेला राजा, शेजारी हत्ती, पुढे तीन प्यादी आणि घोडा, या सहा वस्तू तुम्हाआम्हाला सहा दिसतात, त्याला एकच दिसते. असे हजारो जुडगे त्याच्या डोक्यात असतात आणि प्रत्येकाला ‘इथून काय करता येतं’ हेही चिकटलेलं असतं. टॉवेलवाला क्लास हे जुडगे बांधतो. फाईलवाला चालींची माळ देतो, एकामागून एक ओवलेली.

माळ तुटते कुठे, हे गोव्यात समजवायला जत्रेतल्या नाटकासारखं उदाहरण नाही. समोरच्या नटाने एक वाक्य गाळलं की नुसतं पाठांतर केलेला विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघत उभा राहतो. प्रसंग कळलेला नट दोन शब्द इकडेतिकडे करून नाटक पुढे नेतो. बुद्धिबळात प्रॉम्प्टर नसतो आणि समोरचं पोरगं मुद्दामच वाक्य गाळतं.

इटालियन ओपनिंगचंच घ्या. पांढरा उंट सी-४ या घरावर, घोडा उडी मारून जी-५ ला, दोघांचा डोळा एफ-७ च्या प्याद्यावर, आणि त्या प्याद्याला राजाशिवाय वाली नाही. काळा डी-५ खेळून वाट अडवतो, पांढरा ते प्यादं खातो. फाईलमध्ये लिहिलेलं असतं : आता घोड्याने परत खाऊ नका, दुसरा घोडा ए-५ ला न्या. मुलगी ते घडाघडा म्हणते. का नको, विचारलं की गप्प. खाल्लं तर पांढरा एफ-७ वर घोडा बळी देऊन राजाला मैदानात ओढतो, हे एकदा पटावर सोसलेल्या पोराला ते पाठ करावं लागत नाही.

फाईलची बाजूही आहे. वरच्या पातळीवर पाठांतराशिवाय निभाव लागत नाही. त्याला कंटाळूनच बॉबी फिशरने १९९६ मध्ये मागची रांग विस्कटून खेळायचा प्रकार पुढे आणला, ज्यात सुरुवातीच्या ९६० मांडण्या होतात. मुलगी रेटिंगच्या स्पर्धा नियमित खेळू लागली की फाईल घ्यावीच लागेल. पंधरा दिवसांवर स्पर्धा आली असेल तर आजही दोन ओपनिंग घोटून घ्या. पण आपल्या गोव्याचा लिऑन मेंडोंसा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला म्हणून आपल्या दहा वर्षांच्या पोरीला फाईल, हा हिशेब मला पटत नाही.

आईचा दुसरा प्रश्न होता, ‘पाढे, इतिहासाच्या सनावळ्या, त्यात तरी फायदा होईल ना?’ त्या आशेने दोन्हींतला कुठलाच क्लास लावू नका. मिशेलिन ची यांनी १९७८ मध्ये बुद्धिबळात तयार असलेली दहाएक वर्षांची मुलं आणि त्यात कच्ची असलेली मोठी माणसं यांची तुलना केली. पट आठवण्यात मुलं पुढे, आकडे आठवण्यात मोठे पुढे. पटावरची आठवण पटावरच राहते.

फी भरण्याआधी घरी एक संध्याकाळ घालवा. मुलीने स्वतः खेळलेल्या डावातली मधली स्थिती मांडा, पाच सेकंद दाखवा, झाका, मांडायला सांगा. मग तेवढ्याच सोंगट्या डोळे मिटून पटावर टाका आणि पुन्हा तेच करा. पहिल्या खेपेला ती बरीच पुढे असेल तर जुडगे बांधायला सुरुवात झालेली आहे आणि टॉवेलवाल्या सरांकडे ती रमेल. दोन्ही खेपांना तीन-चारच सोंगट्या जागेवर पडल्या तरी घाबरू नका, नवख्याचं तसंच होतं. महिनाभर कुठलाच क्लास नको. जेवण झाल्यावर रोज एक डाव तिच्याशी खेळा, आणि हरलात तर कुठे हरलात ते तिलाच सांगू द्या.