कर्नाळा की फणसाड?
पक्षी बघायला रायगड जिल्ह्यातल्या या दोन अभयारण्यांपैकी कुठे जाऊ असं कोणी विचारलं की मी आधी महिना विचारते. पावसाच्या तोंडावर डोळे झाकून कर्नाळा, कारण तेव्हा तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरत असतो, मुठीत मावेल एवढासा, पिवळं पोट, लालभडक चोच, बघतच राहावं असा, पण प्लीज बिळाजवळ कॅमेरे घेऊन गर्दी करू नका, घरटं सोडून जातात. मुंबई-गोवा हायवे खेटूनच, त्यामुळे हॉर्न ऐकू येतात आणि रविवारी किल्ल्यावाल्यांचा गोंगाट.

हिवाळ्यात मात्र माझं मत फणसाडलाच. जंजिऱ्याच्या नवाबाचं जुनं शिकारीचं रान, कर्नाळ्याच्या चौपट तरी मोठं, पाणवठ्यावर गप्प बसायचं, स्वर्गीय नर्तक, तो लांब शेपटीचा पक्षी, स्वतःच येतो, वर शेकरू, नशीब असेल तर गिधाडंही. गाडी मात्र स्वतःची हवी.