छातीचा पट्टा आणि १२१ ठोके : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी पळणं सोडायच्या बेतात होते. दुखापत म्हणावी तर मोठी नव्हती. डाव्या टाचेची शीर सकाळी आखडायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी मोकळी व्हायची. खरा त्रास घड्याळाचा होता. माझं वय ५४, साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते, सतरा वर्षं पळते आहे. पंचेचाळिशीत ज्या रस्त्यावर किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागायची तिथे आता साडेसात लागत होती, आणि तरी रोज पहाटे मी त्या जुन्या साडेसहाशीच झगडत होते. पाचचा गजर वाजला की पोटात गोळा यायचा. ज्या गोष्टीवर इतकं प्रेम केलं तिचीच धास्ती वाटावी, याचं फार वाईट वाटायचं.

डिसेंबरमध्ये हार्ट रेट मोजायचा छातीचा पट्टा घेतला, साडेपाच हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बहुतेक पट्टे एकाच तत्त्वावर चालतात. आतल्या बाजूला दोन ओलसर पट्ट्या, त्या हृदयाचा विद्युत संकेत टिपतात, पुढचा छोटा सेन्सर तो आकडा घड्याळाला पाठवतो. मनगटावरच्या घड्याळातही ठोके दिसतात, मग वेगळा पट्टा कशाला, असं मलाही वाटायचं. पण ते घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताचा प्रवाह मोजतं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, हात हलत असतो, घड्याळाचा पट्टा जरा सैल असतो, आणि मग ते ठोक्यांऐवजी पावलांची लयच मोजू लागतं. मला सावकाश पळतानाही १६८ दिसायचे. एकदा मिनिटभर पावलं मोजली, तीही १६८ निघाली. दोन वर्षं मी ज्याला माझं हृदय समजत होते ते माझे पाय होते.

पहिला सेन्सर सदोष निघाला. दर पाच-सात मिनिटांनी आकडा गायब व्हायचा. बदलून मिळायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. दुसरा आजपर्यंत नीट चालला आहे.

आता १२१ बद्दल. फिलिप मॅफेटोन या अमेरिकन प्रशिक्षकाचा एक साधा हिशेब आहे : १८० मधून वय वजा करायचं, आणि रोजच्या पळण्यात हृदयाचे ठोके मिनिटाला त्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. दोन वर्षं विनातक्रार प्रगती होत असेल तर पाच मिळवायचे, दुखापत असेल किंवा कामगिरी घसरत असेल तर पाच वजा करायचे. हवाईची आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि पळण्याची शर्यत सहा वेळा जिंकलेला मार्क ॲलन त्यांच्याच हाताखाली तयार झाला. माझा हिशेब १८० वजा ५४, म्हणजे १२६. प्रामाणिकपणे पाहिलं तर टाच दुखत होती आणि वेग उतरत होता, म्हणून आणखी पाच कमी. १२१.

पहिल्या दिवशी पोलीस परेड ग्राउंडवर १२१ च्या आत राहायला किलोमीटरला ९ मिनिटं १० सेकंद लागली. फिरायला येणाऱ्या दोन आजोबांच्या बरोबरीने मी जवळजवळ चालत होते. यवतेश्वर घाटात तर समर्थ मंदिराचा चढ सुरू झाल्यावर दुसऱ्याच वळणावर घड्याळ पिंपिं करायला लागलं आणि चालावं लागलं. आमच्या ग्रुपमधली मुलं वरून परत येताना विचारायची, "काकू, बरं वाटत नाहीये का?" काळजीने विचारायची, पण डोळ्यांत पाणी यायचं. सतरा वर्षं ज्या घाटात न थांबता गेले तिथे चालायचं. मी शब्द दिला होता स्वतःला, तीन महिने आकडा मोडायचा नाही. दिवाळीनंतर पळणं सोडणारच होते, त्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच चाचणी. पंधरा मिनिटं अंग मोकळं करून ग्राउंडवर पाच किलोमीटर, १२१ ठोक्यांवर. डिसेंबर ९:१०, जानेवारी ९:०२, फेब्रुवारी ९:०५. फेब्रुवारीत मन खूप खचलं. मार्चमध्ये ८:४१ आली तेव्हा मी ग्राउंडवरच बसून राहिले. एप्रिल-मे उन्हाने वेग पुन्हा उतरला. १६ किलोमीटरच्या पळण्यात पहिला तास १२१ ला जो वेग होता, तोच दुसऱ्या तासात १३१ ला जाऊ लागला. घाम जाऊन रक्तातला द्रव कमी होतो, एका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, मग ठोके वाढतात. यात माझा आळस नव्हता हे समजलं आणि फार बरं वाटलं. पावणेपाचला निघू लागले, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर घेऊ लागले. सप्टेंबरची चाचणी ७:५२. टाचेचं आखडणं जूनपासून नाही. पायऱ्यांवर टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायामही रोज करत होते, त्यामुळे श्रेय एकट्या पट्ट्याला देणार नाही. पहाटे उठल्याबरोबर मोजलेली नाडी ६२ वरून ५५ वर आली.

पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट अशी की गजराची धास्ती गेली. १२१ हा आकडा मला कालच्या माझ्याशी तोलत नाही, तो आजच्या शरीराबद्दल सांगतो. झोप कमी झाली, शाळेत पेपर तपासणीचा ताण होता, तर त्या दिवशी वेग आपोआप कमी होतो आणि तरीही दिवसाचं काम पूर्ण झालेलं असतं. जुलैमध्ये एका पहाटे नुसतं चालतानाच १२१ झाले. पट्टा बिघडला असेल म्हणून गळ्यावर बोटं ठेवून मोजले, तितकेच. घरी परतले, संध्याकाळी ताप चढला. पूर्वी मी तसाच घाट चढून आले असते.

हा पट्टा कुठे फसवतो तेही सांगते. उतारावर आकडा शंभराच्या आसपास दिसतो आणि आपण सुटतो, पण मांड्या आणि गुडघे मार खात असतात. घाटातून उतरताना मी आकडा बघतच नाही, पावलं लहान ठेवते. चढावर ठोके वीस-तीस सेकंद उशिरा वाढतात, म्हणून वळण यायच्या आधीच वेग कमी करावा लागतो. आणि १८० चा हिशेब हा अंदाज आहे, शास्त्राचा नियम नव्हे. २२० वजा वय या नेहमीच्या सूत्राने माझे कमाल ठोके १६६ असायला हवेत, घाटात जीव तोडून पळाले तेव्हा १७८ दिसले. माझी ताळ्याची पद्धत अशी की १२१ ला सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला पाहिजे. येतो. १३५ च्या पुढे सतरा साते एकशे एकोणीसला श्वास तुटतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळात दाबलेले असतात, तिथे हा हिशेब लावूच नये, डॉक्टरांशी बोलावं.

रोजच्या वापरातलं. पट्ट्या पाण्याने ओल्या केल्याशिवाय घालू नका. जानेवारीच्या कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्ट घासून पहिली पाच मिनिटं १८० दाखवायचा, टीशर्टची छाती थोडी भिजवली की थांबायचं. बायकांसाठी : स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकखाली पट्टा घातला तर घसरत नाही, पण पावसाळ्यात तिथे सोलवटतं. व्हॅसलीन फक्त कडांना लावा, विद्युत पट्ट्यांवर गेलं तर संकेत तुटतो. पळून आल्यावर सेन्सर काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर तो चालूच राहतो, माझी पहिली बॅटरी त्यामुळे चार महिन्यांत संपली. पट्टा रोज साध्या पाण्यात धुवायचा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण.

या महिन्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून एकच दिवस जोरात पळत होते, बाकी सगळं १२१ च्या आत. स्पर्धेत चढावर १४० पर्यंत जाऊ दिलं, परतीचा उतार लागल्यावर आकडा सोडून दिला. गेल्या वर्षी २ तास ५१ मिनिटं, यंदा २ तास ४४. सगळा घाट धुक्यात होता, बांधावर फुलं आली होती, आणि दुसऱ्या वळणाच्या पुढे, जिथे डिसेंबरमध्ये मी चालायला लागले होते, तिथे मी पळत होते.

दहा महिन्यांच्या घामाने कापडी पट्टा सैल झाला आहे. नुसता पट्टा वेगळा मिळतो, तो मागवला आहे. तोवर जुन्याला मागे एक टाका घातला आहे, उद्या पहाटे तोच बांधून निघेन.